कार्यकर्त्याचा रविवार

रात्री साडेअकराला फोन वाजतो. वीटभट्टीवरून एक बाई बोलत असते. मालकाने नवऱ्याला मारलंय, उचल फिटेपर्यंत हलू देणार नाही म्हणतो, लेकरं घेऊन जाऊ कुठं? आमच्या संघटनेतली ताई अंथरुणातच उठून बसते. उशाशी ठेवलेल्या वहीत भट्टीचं ठिकाण, उचल किती, माणसं किती, हे लिहून घेते. पोलीस ठाण्याला फोन लावते. तिकडून "सकाळी या" असं उत्तर येतं. मग ती त्या बाईला पुन्हा फोन करून सांगते, रात्री कुठं निघू नकोस, दार लावून घे, मी पहिल्या एसटीने येते. पहिली एसटी सहाची. त्याच दिवशी बाराला प्रांत ऑफिसात दोन वाड्यांच्या वनहक्क दाव्यांची सुनावणी असते आणि संध्याकाळी तिसऱ्याच वाडीवर बैठक. मधे जेवण कधी आणि कुठं, हे कोणी विचारत नाही.

अकरा वर्षं तिने हे केलं. मग एका जून महिन्यात ती यायची थांबली. भांडण नाही, राजीनामा नाही. एका पोराच्या हाती तिने आपली कापडी पिशवी ऑफिसात पाठवून दिली. ती मी उघडली. आत त्रेचाळीस दाव्यांच्या फायली, वाडीप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीला टाचणीने एक चिठ्ठी. "मोजणी झाली, नकाशा बाकी." "साहेब रजेवर, १४ तारखेला पुन्हा." "म्हातारीचा जबाब आधी घ्या, तब्येत बरी नाही." इतकं नीट आवरून ज्या बाईने पिशवी पाठवली, तिने काम टाकून दिलं असं म्हणायला कोणाची जीभ धजू नये. पण पुढच्या बैठकीत ते म्हटलं गेलं. कोणी म्हणालं, बांधिलकी कमी पडली. कोणी म्हणालं, बायकांचं असंच, शेवटी घर ओढतं. इतिवृत्त तेव्हा मी लिहायचो. मी लिहिलं, "ताई घरगुती कारणामुळे काम थांबवत आहेत." हे खरं नाही, हे लिहितानाच मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

चळवळीतून माणूस गळाला की आपण कारण त्याच्यातच शोधतो. लग्न झालं, नोकरी लागली, घाबरला, विकला गेला. क्वचित एखाद्याच्या बाबतीत ते खरंही असेल. पण गेल्या वीस-बावीस वर्षांत रायगडच्या या डोंगरपट्ट्यात मी जितकी माणसं येताना आणि जाताना पाहिली, त्यांतली बहुतेक घाबरून गेली नाहीत. ती दमून गेली. दमण्याचा दोष मी त्यांच्या पदरात टाकायला तयार नाही. संघटना कामं कशी वाटते, पैशाचा हिशेब कसा करते आणि आपल्या माणसांशी कोणत्या शब्दांत बोलते, यावर ते ठरत असतं. जे हक्क आपण दुसऱ्यांसाठी रस्त्यावर उतरून मागतो, तेच आपल्या माणसांना नाकारणारी संघटना फार काळ उभी राहत नाही.

हे हक्क कोणते, ते आपल्याच इतिहासात लिहिलेलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि मागण्या केल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पहाटेच्या अंधारापासून रात्रीच्या अंधारापर्यंत चालणाऱ्या कामाला मर्यादा, पगार वेळेवर. पाच हजारांवर कामगारांनी त्या अर्जाला पाठिंबा दिला. सहा वर्षं हे चाललं. १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आरामात त्या सभेचा वाटा आहे.

त्या मागण्या मी कधी कधी मोठ्याने वाचतो. त्यात पगाराइतकंच वजन विसाव्याला आहे. माणसाला दम खायला वेळ मिळाला पाहिजे, त्याला आपलं घर, आपली पोरं, आपला देव बघता आला पाहिजे, ही मागणी एका कार्यकर्त्याने भीक म्हणून केली नव्हती, हक्क म्हणून केली होती. आणि त्याच परंपरेचं नाव घेणाऱ्या संघटनांमध्ये आज पूर्णवेळ कार्यकर्त्याला आठवड्यातून एकही दिवस आपला नसतो. कोणी "उद्या मी येणार नाही" म्हणालं तर खोलीतला आवाज एकदम उतरतो.

आपल्याकडे या कामाला शब्दही तसाच आहे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. हा वाक्प्रचार मी लहानपणी टोमणा म्हणून ऐकला आणि मोठेपणी छातीवरच्या बिल्ल्यासारखा मिरवला. हो, आम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजतो, असं आम्ही अभिमानाने म्हणायचो. पण त्यातल्या पहिल्या दोन शब्दांकडे कधी नीट पाहिलं नाही. घरचं खाऊन. म्हणजे ते घरचं कोणी कमावलं? कोणी रांधलं?

महाराष्ट्रातल्या चळवळींचा ताळेबंद कोणी प्रामाणिकपणे मांडला, तर सर्वांत मोठी देणगी देणारा वर्ग कार्यकर्त्यांच्या बायकांचा निघेल. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कारकून, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर. दर महिन्याच्या त्यांच्या पगारावर एकेक पूर्णवेळ कार्यकर्ता उभा राहिला. त्यांच्या नावाची पावती कधी फाडली गेली नाही. काहींनी ते समजून-उमजून, जोडीने स्वीकारलं, आणि अशी काही घरं फार सुंदर होती, हे मी पाहिलेलं आहे. पण ज्या कार्यकर्त्या बाईच्या मागे अशी 'बायको' नव्हती, तिचं काय? आमच्या ताईला सकाळी सहाच्या एसटीआधी सासूचं पाणी तापवून, डबा करून निघावं लागायचं. पुरुष कार्यकर्त्याचा दिवस जिथे सुरू होतो, तिथे तिचे दोन तास आधीच खर्च झालेले असायचे. शिबिरात चहाचं भांडं कोणाकडे बघतं, हे ज्याने शिबिर पाहिलं आहे त्याला सांगायला नको. हे कारण आम्ही 'घरगुती' म्हणून लिहून टाकलं. घराचं आणि चळवळीचं ओझं एकाच पाठीवर टाकून, पाठ वाकल्यावर तिला घरगुती म्हणणं, हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे.

महात्मा फुल्यांचं एक अंग आपण फार कमी सांगतो. ते कंत्राटदार होते, बांधकामाची कामं घ्यायचे, व्यवसाय करायचे. ज्याची चूल सरकारच्या किंवा सावकाराच्या मर्जीवर नाही, त्याचा आवाज निराळा लागतो. १८७३ साली सत्यशोधक समाज उभा करणारा माणूस पोटाच्या प्रश्नाला क्षुद्र समजत नव्हता, ही गोष्ट मला त्यांच्या इतर कितीतरी गोष्टींइतकीच मोठी वाटते.

आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे चरीची. अलिबाग तालुक्यातलं हे गाव. २७ ऑक्टोबर १९३३ला तिथे नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने सभा झाली आणि खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं कुळांनी ठरवलं. पंचवीस गावं संपात उतरली. संप १९३९पर्यंत चालला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. या संपाच्या रेट्यातून कूळकायद्याची वाट उघडली. हे सगळं पाठ्यपुस्तकासारखं सांगता येतं. मला मात्र त्यात एकच प्रश्न कायम छळतो. इतकी वर्षं शेतकऱ्याने शेत नांगरलं नाही, मग तो जेवला काय?

उत्तर जुन्या माणसांकडून ऐकायला मिळतं आणि लिहूनही ठेवलेलं आहे. डोंगरात जाऊन लाकूडफाटा तोडला आणि अलिबागेत विकला. खाडीत मासे धरले. मिळेल ती मजुरी केली. फार हाल झाले, उपासमार झाली, यात शंका नाही. पण संप पुकारतानाच गावांनी भात सोडून दुसऱ्या पोटाची तजवीज धरली होती. खाडी आणि डोंगर नसते तर पहिल्या पावसाळ्यातच घराघरांतून माणसं खोताच्या दारात उभी राहिली असती. आणि पंचवीस गावं एकदम उतरल्यामुळे एका घराचा धीर सुटला तर शेजारच्या घराचा आधार होता. चरीचा संप सहा वर्षं तगला, त्याचं श्रेय पुढाऱ्याच्या भाषणाइतकंच खाडीतल्या निवट्या-खेकड्यांना द्यायला हवं, असं मी म्हणतो तेव्हा काही साथी नाराज होतात. मला त्यात चळवळीचा अपमान दिसत नाही.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले. कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापुराकडच्या गावांनी त्यांना भात-भाकरी पुरवली, म्हणून तर तो इतका लांबला. तो का हरला याची कारणं अनेक आहेत. मालकांना जमिनीत जास्त रस होता, सरकारला संप मोडायचाच होता. तेव्हा दोष कामगारांवर टाकण्याचं पाप मी करणार नाही. पण एक गोष्ट सलते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आपण थांबतो आहोत, दम घेऊ, पुन्हा येऊ, असं म्हणण्याची जागाच कोणाकडे नव्हती. माणसं एकेकटी, मान खाली घालून परत गेली किंवा गावाला निघून गेली. थांबण्याचा निर्णय एकत्र बसून घेता येणं, हेसुद्धा संघटनेचं बळ असतं. ज्यांना ते करता येत नाही त्यांचा प्रत्येक सभासद आपापली शरम घेऊन एकटा घरी जातो.

याच्या अगदी उलट चित्र २०२० साली दिल्लीच्या सीमेवर दिसलं. २६ नोव्हेंबर २०२०पासून ११ डिसेंबर २०२१पर्यंत, एक वर्षाहून अधिक काळ, हजारो शेतकरी रस्त्यावर राहिले. थंडी, उन्हाळा, करोना, सगळं अंगावर घेतलं. शेकडो माणसं त्या काळात दगावली. तरी सीमा रिकामी झाली नाही, कारण पाळी होती. एक गाव, एक ट्रॅक्टर, १५ माणसं, १० दिवस, असं सूत्र तिथल्या पुढाऱ्यांनी गावोगाव पोचवलं. दहा दिवसांनी पंधरा माणसं परत जायची, नवी पंधरा यायची. जे सीमेवर गेले त्यांचा गहू मागे राहिलेल्यांनी कापला. गुरांना पाणी शेजाऱ्याने दाखवलं. दहा दिवसांनी घरी गेलेल्या माणसाला कोणी पळपुटा म्हटलं नाही, कारण घरी जाणं हाच आंदोलनाचा भाग होता. आमच्याकडे पाळी हा शब्द पाण्याच्या पाळीसाठी आहे, देवळातल्या पूजेच्या पाळीसाठी आहे. कार्यकर्त्यासाठी नाही.

२०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकरी-आदिवासींचे रक्ताळलेले पाय सगळ्या महाराष्ट्राने फोटोत पाहिले. त्या मोर्चाबरोबर टेम्पोत धान्य, सरपण आणि मोठाली पातेली होती, ती फारशी कोणी पाहिली नाहीत. दहावीच्या परीक्षा देणाऱ्या पोरांना त्रास नको म्हणून ती माणसं शेवटच्या रात्री झोप न घेता चालली आणि पहाटे आझाद मैदानात पोचली. दुसऱ्याच्या पोराची इतकी काळजी घेणारी ही माणसं आहेत. त्यांच्या संघटकांना काळजी म्हणजे काय ते शहरातून येऊन शिकवायची गरज नाही. ती स्वतःकडे वळवायला मात्र आपण कधी मुभाच दिलेली नाही.

मोर्चाने माणूस दमत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पाय दुखतात, आवाज बसतो, पण परतताना ट्रकमध्ये गाणी म्हटली जातात आणि पुढचे पंधरा दिवस अंगात वेगळंच बळ असतं. माणूस पिचतो तो मोर्चानंतरच्या कामात. वनहक्काचा कायदा २००६चा. दावा गावाच्या वनहक्क समितीकडे, तिथून ग्रामसभा, मग प्रांतांची उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन कसत होतो याचे पुरावे द्यायचे. ज्या कातकरी माणसाकडे जन्माची नोंद नाही, ज्याच्या आज्याला दळी जमीन, म्हणजे जंगलातला तुकडा, कसायला मिळाली तेव्हा कोणी कागद दिला नाही, त्याने पुरावे द्यायचे. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं भट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात, आणि नेमकी मोजणीची तारीख फेब्रुवारीत लागते. माणूस नाही म्हणून दावा अपूर्ण. पुन्हा अर्ज. साहेब बदलले. पुन्हा पहिल्यापासून समजावणं. आंदोलनात कधीतरी अंगावर पडलेल्या केसची तारीख याच्या मधेच येते. दहा-दहा वर्षं कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसायचं आणि "पुढची तारीख" ऐकून परतायचं. सरकारने लाठी फार क्वचित उचलावी लागते, तारीख देऊन काम भागतं.

हे ओळखलं तर पहिलं काम हेच, की असं कागदाचं काम एका माणसाच्या पिशवीत राहता कामा नये. आमच्या ताईच्या पिशवीत त्रेचाळीस कुटुंबांची जमीन होती. तिला ताप आला तरी ती सुनावणीला जायची, कारण फाईल कुठल्या टप्प्यावर आहे हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला तिची निष्ठा म्हणायचो. खरं तर ती आमची बेफिकिरी होती.

पुण्यात बाबा आढावांनी हमालांची पंचायत बांधली, तिचं मोठेपण मला यात दिसतं. पाठीवरचं ओझं कमी करायचं हे हमालांच्या संघटनेला कोण शिकवणार? १९७४ साली हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केलं. हमालाला, रिक्षावाल्याला, बाजारात आलेल्या खेडूताला परवडेल असं पोटभर जेवण. आंदोलनाचा झेंडा एका बाजूला आणि भाकरीचा तवा दुसऱ्या बाजूला. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांनीच स्वतःच्या भाकरीची सोय संघटना म्हणून केली. त्याआधी १९६९ साली माथाडी कायदा झाला होता. मालकाकडून मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळाने घ्यायची, त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. रोज नव्या मालकापुढे हात पसरणाऱ्या माणसाच्या मागे मंडळ उभं राहिलं. १९९३ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्र मिळालं, पुढे २००८ साली त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेबरोबर कराराने काम करू लागली. बाईने रोज लढून मिळवायची गोष्ट व्यवस्थेने रोज आपोआप द्यावी, असा हा प्रवास आहे. लढा जिंकला म्हणजे काय, तर ज्या गोष्टीसाठी काल आपण धरणं धरलं तिच्यासाठी आज कोणाला फोन करावा लागत नाही.

यातही धोका आहे. संस्था झाली की हिशेब, ऑडिट, कर्मचारी, जागा, या सगळ्यात संघर्ष मागे पडतो, आणि पतपेढीच्या संचालकाला मोर्चा गैरसोयीचा वाटू लागतो. अशा संस्था आपण सगळ्यांनी पाहिल्यात. तरीही, संस्था नसलेली चळवळ आणि बोथट झालेली संस्था यांत निवडायचंच झालं, तर मी म्हणेन संस्था बांधा आणि तिच्याशी भांडत राहा. भांडायला निदान काहीतरी उरतं.

पैशाबद्दल आपण बोलायला लाजतो. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी गावोगाव नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा केला आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, आणि ते उपकार म्हणून नव्हे, समाजाची कृतज्ञता म्हणून. त्या नावातच केवढी समज आहे! मला खंत एवढीच, की ही कल्पना जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात फुटायला हवी होती, तशी ती फुटली नाही. दरम्यान बऱ्याच गटांनी परदेशी देणगीवर पगार बांधले. २०२० साली परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा देणं बंद झालं. लहान गटांतल्या कितीतरी पोरापोरींना तेव्हा घरी जावं लागलं. त्यांचं कुठे काही चुकलं नव्हतं.

आमच्या संघटनेची वर्गणी कुटुंबामागे वर्षाला शंभर रुपये. चौदाशे कुटुंबं, म्हणजे एक लाख चाळीस हजार. दोन माणसांना वाटले तर महिन्याला पुरते सहा हजारही होत नाहीत. एवढ्यात कोणाचं भागत नाही, हे खरं. म्हणून आम्ही बाहेरच्या मित्रांकडून, नोकरी करणाऱ्या जुन्या साथींकडून दरमहा थोडं थोडं घेतो. पण ते सहा हजार कातकरी माणसाने भट्टीच्या मजुरीतून काढून दिलेले आहेत, म्हणून त्यांची किंमत वेगळी आहे. ज्याने शंभर रुपये दिले तो हक्काने विचारतो, की ताई आजारी आहे तर तिला दवाखान्यात नेलं का? देणगीदाराच्या अहवालात हा प्रश्न कधी आला नाही.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. माणसं पोलिसांच्या भीतीने जितकी जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त आपल्याच माणसाच्या एका वाक्याने जातात. "तुझा अभ्यास कमी पडतो." "तू आता मध्यमवर्गीय झालास." "आमच्या वेळी आम्ही तुरुंगात उपाशी राहिलो." बाहेर ज्याच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या त्याच्याशी आपण सभ्य भाषेत निवेदनातून बोलतो, आणि बैठकीत आपल्या माणसावर तुटून पडतो. त्याला आत्मटीका, शिस्त, परखडपणा अशी भारदस्त नावं देतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने निर्णय सर्वसहमतीने घ्यायची रीत पाळली. एका माणसाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, अभ्यासगटात बसून समजून घ्यायचं. वेळ लागतो, फार वेळ लागतो. पण त्या गावात बहुमताने चिरडलेला, मनात कढ घेऊन घरी बसलेला माणूस उरत नाही. याच गावाला २००९ साली १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हळू चालून ते गाव कुठे पोचलं ते बघा.

मी हे बोललो की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की वणवा पेटलेला असताना सुट्टी कसली? मला हा प्रश्न प्रामाणिक वाटतो. भट्टीवरच्या त्या बाईला रात्री साडेअकरालाच मार बसतो, ती बुधवार-गुरुवार बघून फोन करत नाही. पण आमच्या डोंगरात वणवा दरवर्षी लागतो, म्हणून मला माहीत आहे, की तो विझवायला गेलेली माणसं आळीपाळीने पुढे जातात. एकच माणूस फांदी घेऊन पहाटेपर्यंत झोडपत राहिला तर आग विझण्याआधी तो पडतो, आणि मग त्याला उचलायला चार माणसं लागतात. फोन उचलला गेलाच पाहिजे. तो रोज तिनेच उचलला पाहिजे असं मात्र नाही.

दुसरा आक्षेप, की हे शहरी चोचले आहेत, वाडीतल्या बाईला गरिबीतून कुठे रजा मिळते? नाही मिळत. ती मिळावी म्हणूनच तर हे सगळं चाललं आहे. आणि आमची ताई त्या वाडीतलीच होती. गरिबातून आलेल्या कार्यकर्त्याला विसावा नाकारण्यासाठी गरिबीचंच नाव घेणं मला सहन होत नाही. हां, मनःशांतीच्या दोन दिवसांच्या शिबिराने हे सुटेल असं मीही मानत नाही. डोळे मिटून श्वास मोजल्याने त्रेचाळीस फायली कमी होत नाहीत.

दोन वर्षांनी मी तिच्या घरी गेलो. उशिरा गेलो, हे कबूल आहे. ती शिलाई मशिनवर बसली होती. मी इतिवृत्तातल्या त्या ओळीबद्दल माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, शेवटच्या वर्षी मी एकदाही गरम भात खाल्ला नाही, ते मला आठवतं. बाकीचं मी विसरले." आत जाऊन तिने भात वाढून आणला. त्यानंतर काही महिन्यांनी ती पुन्हा यायला लागली, आठवड्यातून दोन दिवस, फक्त दाव्यांच्या कामासाठी. ती आली तेव्हा इतके दिवस कुठे होतीस असं कोणी विचारायचं नाही, एवढं आम्ही आधीच ठरवलं होतं.

आणखी थोडं ठरवलं. प्रत्येक वाडीचं काम दोन माणसांना ठाऊक पाहिजे. रात्रीचा फोन आठवड्याच्या पाळीने फिरतो. सात वर्षं काम झालं की चार महिने सुट्टी, मानधन चालू ठेवून. पैसे पुरत नाहीत म्हणून हे शेवटचं आतापर्यंत एकालाच देता आलं. आणि आठवड्यातून एक दिवस ऑफिस बंद. आमच्या तालुक्याचा बाजार रविवारी भरतो, वाड्यांवरची माणसं त्याच दिवशी खाली उतरतात, म्हणून आमचा रविवार बुधवारी येतो. दारावर तशी पाटी लावली आणि पाटीखाली वाड्यांतल्या पाच सभासदांची नावं लिहिली. कागद वाचता येणारी, पोच लिहायला शिकलेली माणसं.

मागच्या श्रावणात एका बुधवारी वरच्या वाडीतला एक म्हातारा वनखात्याची नोटीस घेऊन दोन तास चालत आला. ऑफिसला कुलूप. तो पायरीवर बसला, चिडला. मग कोणीतरी त्याला एसटी स्टँडजवळ रानभाज्या विकणाऱ्या एका सभासद बाईकडे पाठवलं. "ताई कुठंय?" त्याने विचारलं. "ताई आज घरी," ती म्हणाली. तिने टोपलीतली भाजी बाजूला सारली, नोटीस दोनदा वाचली, मोबाईलवर फोटो काढला आणि पदराला हात पुसून वहीत नोंद केली. ती वही मी गुरुवारी पाहिली. पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "नोटीस आली. सुनावणी २० तारखेला. घाई नाही."